वेळेवरची ऊब

दिवाळी हा देण्याघेण्याचा सण. पाडव्याला नवरा बायकोला आणि भाऊबिजेला भाऊ बहिणीला काही ना काही देतो. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात आणि रिकामी परत येत नाहीत. या सगळ्या देण्यात घेणारा माणूस डोळ्यांसमोर असतो. त्याची आवड ठाऊक असते, अंगाचे माप ठाऊक असते. परंतु मराठी घरात एक भेट अशी आहे, की ती करायला घेतली जाते तेव्हा घेणाऱ्याला नाव नसते, रूप नसते. तो मुलगा की मुलगी हेही कुणाला सांगता येत नसते. ती भेट म्हणजे बाळंतविडा.

कुंची, टोपडे, अंगडे, झबली, दुपटी, लोकरीचे पायमोजे, बाळंतिणीसाठी लुगडे आणि खण, डिंकाचे नि अळिवाचे लाडू : इतके सारे ज्या एका शब्दात मावते त्या शब्दात प्रत्यक्ष विड्याचे पान मात्र शोधावे लागते. गेले वर्षभर मी फावल्या वेळात टोपडी आणि पायमोजे विणीत होते. हात कामात असले की मन मोकळे असते, आणि मोकळे मन भलते प्रश्न विचारू लागते. हे विणकाम आपल्याकडे आले कुठून? ते शिकवले कुणी? आणि ज्या मुलासाठी ते करायचे त्याच्या हाती ते नेमके केव्हा पडते? या शेवटच्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी जुन्या बाळंतविड्याची मांडणी पाहू. त्यातले मोजके तेवढेच नवे असे. कुंची खणाची, तो खण बहुधा आताच्या कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडून आलेला. पाठीवर रुळणारी, डोके, कान आणि मान एकदम झाकणारी ही कुंची म्हणजे शिवणकलेतली मोठी युक्ती होय. तिला ना बाह्या, ना गुंड्या, आणि मूल चार बोटे वाढले तरी ती आखूड पडत नाही. दुपटी आणि लंगोट मात्र जुन्या धोतरांचे, जुन्या नऊवारी लुगड्यांचे. यात काटकसर होतीच, पण शहाणपणही होते. दहा वर्षे धुतलेले कापड जितके मऊ असते तितके कोणत्याही दुकानातले नवे कापड नसते. लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोरा मारून गोधडी होई. कोकणात तिलाच वाकळ म्हणतात. आजीच्या लुगड्यात नातू गुंडाळला जाई तो असा.

या वस्तूंचे मोल पैशात नव्हतेच. पूर्वीच्या बाईच्या हाती पैसा नसे. शेत नवऱ्याचे, घर सासऱ्याचे, दागिने अंगावर असले तरी मोडायची मुभा नाही. जेवणाची भांडी आवरून झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो तुकडा उरे, तेवढाच तिचा. तोही सलग नव्हे. मध्ये दळण, मध्ये पाहुणा, मध्ये रडणारे पोर. अशा तुटक वेळात करता येईल, अर्धे ठेवून उठता येईल आणि परत येऊन तिथूनच धरता येईल असे काम म्हणजे सुईचे काम. रुखवतात मांडलेल्या तोरणांकडे आणि रुमालांकडे आपण हौसेच्या वस्तू म्हणून पाहतो. वस्तुतः ती एका मुलीच्या वर्षा-दोन वर्षांच्या दुपारांची मोजदाद असते. ज्या बाईपाशी देण्याजोगे दुसरे काही नव्हते तिने आपला वेळ दिला, आणि वेळ द्यायचा म्हणजे पुढचा विचार आधी करावा लागतो. वर्षभरानंतरच्या भेटीचे गणित तिला आज बसवावे लागे.

आता लोकरीकडे वळू. लोकर महाराष्ट्राला परकी नाही. दख्खनची मेंढी वर्षातून दोनदा भादरावी, तिची लोकर पिंजून कातावी, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावी, चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठ करावी, हा धनगर-सणगरांचा धंदा फार जुना. घोंगडीवर पाऊस निथळतो, घोंगडीत थंडी अडते. परंतु ही लोकर राठ. ती मेंढपाळाच्या खांद्याला शोभते, तान्ह्या मुलाच्या गालाला नव्हे. शिवाय घोंगडी मागावर विणतात. त्यात उभा धागा आणि आडवा धागा असे दोन असतात. दोन सुयांवर एकाच धाग्याची घरे करीत जायचे विणकाम ही अगदी वेगळी विद्या आहे. मराठीने दोन्हींना ‘विणणे’ हे एकच क्रियापद दिले. पण कुळे निराळी.

या दुसऱ्या विणकामाचे जुने अवशेष इजिप्तमध्ये सापडले आहेत. तिथून ते अरबांबरोबर स्पेनमध्ये गेले असावे असे मानतात. तिथल्या बुर्गोस शहराजवळच्या मठात तेराव्या शतकातल्या एका राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या उशा मिळाल्या. पुढे युरोपात घरोघर हातमोजे-पायमोजे विणले जाऊ लागले. इंग्लंडात १५८९ साली विल्यम ली नावाच्या एका पाद्र्याने मोजे विणायचे यंत्र काढले. राणी एलिझाबेथने त्याला सनद नाकारली. या यंत्राने माझ्या गरीब प्रजेच्या हातचे काम जाईल असे ती म्हणाली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, हाताच्या सुईला यंत्राची धास्ती तेव्हापासूनची आहे, आणि तरीही सुई टिकून आहे.

आपल्याकडे ही विद्या साहेबांच्या मडमांनी आणि मिशनऱ्यांच्या शाळांनी आणली. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ साली काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे शिक्षण झाले ते याच फरारबाईंच्या नगरच्या शाळेत. त्या काळच्या मिशनच्या कन्याशाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. पुष्कळ आईबापांना मुलीच्या हातातली पाटी खुपे, पण सुई खुपत नसे. सुईच्या आडोशाने पाटी घरात शिरली असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

त्यानंतरच्या पिढीने सुईला आणखी एक काम दिले : पोट भरायचे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्तिसदन उभारले. तिथे शिवण, माग, छापखाना अशी कामे बायका शिकल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो १९०० साली हिंगण्याला नेला. त्या संस्थेचा भाऊबीज निधी दिवाळीच्या ओवाळणीतून उभा राहिला. ज्या बहिणीला भाऊ नाही तिला साऱ्या समाजाने ओवाळणी घालावी ही त्यामागची कल्पना. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केले. तिथे शिवण-भरतकामाचे वर्ग होते, आणि सुईणी व परिचारिका तयार करायचे कामही होते. ‘सुईण’ हा शब्द सुईवरून आलेला नाही, प्रसूतीच्या ‘सू’वरून आलेला आहे, पण सेवासदनात सुई आणि सुईण एकाच छपराखाली नांदल्या ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. मुलाला जगात आणणारा हात आणि त्याला पांघरूण घालणारा हात यांची तिथे ओळख झाली. दुर्दैवाने ती ओळख फार पुढे गेली नाही. विणकाम हौसेकडे गेले आणि सुईणपण दवाखान्याकडे.

हौसेकडे गेलेले विणकाम मराठी घरात इतके रुळले की त्याचे परकेपण कुणाला आठवेना. ‘टाके घालणे’, ‘टाका सुटणे’, ‘एक उलटा एक सुलटा’ ही भाषा पाणवठ्यावरच्या बोलण्यासारखी सहज झाली. बायकांच्या मासिकांतून नमुने छापून येऊ लागले. ते कापून वहीत चिकटवायचे आणि ती वही मुलीला सासरी जाताना द्यायची. अशा एका वहीत माझ्या आजीच्या हातचे आकडे आहेत. कुठल्या ओळीत किती टाके कमी करायचे एवढेच त्यात लिहिले आहे, आणि प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर कुणा नातवंडाचे नाव. आमच्या घरात वंशावळ म्हणावी अशी दुसरी वही नाही.

विणलेल्या उबेचा दुसरा मोठा प्रवास रणांगणाकडे झाला. आपण जिला माकडटोपी म्हणतो ती डोके, कान, गळा झाकणारी टोपी इंग्रजीत बालाक्लाव्हा या गावाच्या नावाने ओळखली जाते. क्रिमियाच्या लढाईत १४ नोव्हेंबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या बंदराबाहेर वादळात जे जहाज बुडाले त्यात इंग्रज फौजेचे हिवाळी कपडे होते. सैनिक थंडीने मेले. आणि मायदेशी बायकांनी सुया उचलल्या. त्या हिवाळ्याची आठवण टोपीच्या नावात उरली.

आपल्याकडेही असेच एकदा घडले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. त्या वर्षीची दिवाळी लढाई चालू असतानाच आली. सुती गणवेश आणि कॅन्व्हासचे बूट घालून आपले जवान हिमालयाच्या बर्फात उभे आहेत हे कळल्यावर घरोघर हळहळ झाली. बायकांनी संरक्षण निधीत बांगड्या दिल्या, आणि ज्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या त्यांनी लोकर आणून स्वेटर, मफलर, मोजे विणायला घेतले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेले. २१ नोव्हेंबरला चीनने आपण होऊन लढाई थांबवली. सारा प्रकार महिन्याभरात आटोपला. ज्या बाईने घरकाम सांभाळून बाह्यांचा स्वेटर विणला आहे तिला विचारा, तो महिन्याभरात होतो का? त्या महिन्यात सुरू झालेल्या पुष्कळ स्वेटरांच्या बाह्या युद्ध संपल्यावरच पुऱ्या झाल्या असणार. माया खरी होती, हात खरे होते. फक्त थंडी आधी पोचली होती.

क्रिमियात तेच, १९६२ मध्ये तेच. उबेचा इतिहास चाळू लागले तेव्हा मला ही एकच गोष्ट पुनःपुन्हा भेटली. माणसाला पांघरूण द्यावेसे वाटते ते बहुधा तो कुडकुडताना दिसल्यावर.

बाळंतविड्याचेही तसेच आहे. तो दिला जातो बारशाला, म्हणजे बाराव्या दिवशी. आधी का नाही? कारण मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवे काही आणू नये, पाळणा बांधू नये, असा संकेत पुष्कळ घरांत होता आणि अजूनही आहे. आजी विणीत असे, पण लपवून. कुणी आले की सुया पदराखाली जात. या संकेताला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख आहे. आणलेले अंगडे पेटीत तसेच राहणे म्हणजे काय, हे त्या बायकांना ठाऊक होते. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, तोवर मूल आपले नाही, असा समज. आजचे वैद्यकशास्त्रही निराळ्या भाषेत हेच सांगते : जन्मल्यापासून महिन्याच्या आत जी बालके दगावतात त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. सटवाईच्या रात्रीचा हिशेब आपल्या पणज्यांनी अनुभवाने बरोबर मांडला होता.

मात्र त्यातून निघालेले फळ उलटे झाले. ज्या आठवड्यात मुलाला उबेची सर्वांत अधिक गरज, त्याच आठवड्यात त्याची टोपडी दुसऱ्या घरी पेटीत पडलेली असतात. जुन्या घरांनी ही उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढली होती. बंद खोली, बाजेखाली शेगडी, आईच्या कुशीतच मूल. पण जिथे बंद खोली नाही, बाज नाही, तिथे काय?

आता मी राहते त्या मुलुखाविषयी सांगितले पाहिजे. खोडाळा मोखाडा तालुक्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून आम्ही पालघर जिल्ह्याचे; त्याआधी ठाण्याचे. भात, नागली, वरई ही पिके. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी ही माणसे. पाऊस धो धो, थंडी डोंगरातली. आश्विन वद्य द्वादशीला इथे वाघबारस करतात, आणि दिवाळी झाली, भात घरात आले, की गावे रिकामी होऊ लागतात. माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. इथे त्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले, यापुढे कादंबरीत ‘जगणे’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. बाया जातात त्यांत गरोदर बायाही असतात. ज्या मुलांचा जन्म मार्गशीर्ष-पौषात व्हायचा ती मुले आईच्या पोटातून भट्टीवर जातात. तिथे राहायला विटांवर गवत टाकून केलेले खोपटे असते.

या भागाचे नाव साऱ्या देशात गेले ते दुर्दैवाने. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावल्याचे १९९२ साली उघड झाले. २०१६ साली मोखाडा तालुक्याची बातमी पुन्हा वर्तमानपत्रांत आली. कुपोषण म्हणजे काही लोकरीच्या टोप्यांनी जाणारी गोष्ट नव्हे. आईला जेवण, गावात काम आणि जवळ दवाखाना हीच तिची औषधे. गरोदर आदिवासी स्त्रीला एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली सुरू झाली ती याच जाणिवेतून. परंतु भूक आणि थंडी यांचे नाते फार जवळचे आहे. अडीच किलोच्या आतल्या मुलाच्या अंगावर चरबी नसते. आईच्या दुधातून मिळालेली शक्ती ते अंग गरम ठेवण्यातच खर्ची घालते, मग वाढायला उरत नाही. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, आणि उघड्या डोक्यातून ऊब झराझरा निघून जाते. बाळाच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये असे डॉक्टर सांगतात. त्यासाठी उपाय तरी किती साधे : जन्मताच पुसून कोरडे करावे, आंघोळीची घाई करू नये, आईच्या उघड्या छातीशी धरावे, लगेच पाजावे, डोक्यावर टोपडे घालावे.

यातल्या छातीशी धरण्याचे शास्त्र कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली आकाराला आले. तिथल्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ठेवायला काचेच्या उबदार पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी आईलाच ती पेटी केले. कांगारूसारखे मूल आईच्या छातीशी बांधले, डोक्यावर टोपी घातली. आणि मुले जगू लागली. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या बायांच्या साहित्यात तान्ह्याला ठेवायची उबदार पिशवीही होती. नवजात बालकांचे मृत्यू त्या गावांत ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली. २०११ पासून देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जाऊन बाळ पाहतात, त्याची पाळेमुळे या कामात आहेत.

आणि अंगणवाडी? ती तर आमच्या जिल्ह्याचीच लेक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मूल येईपर्यंत थांबू नये, आपणच आधी जावे : ताराबाईंच्या कामाचे सार मला एवढेच दिसते.

हे सगळे वाचता-विणता मला इथल्या इरल्याची आठवण झाली. बांबूच्या कामट्या आणि झाडाची पाने यांचे केलेले इरले डोक्यावरून पाठीवर घेतले की बाई दिवसभर पावसात वाकून भात लावू शकते. प्लास्टिकच्या कागदाने त्याला मागे टाकले असले तरी ते अजून पाहायला मिळते. हे इरले केव्हा करतात? उन्हाळ्यात. मृग लागायच्या आत ते तयार होऊन भिंतीला टांगलेले असते. पाऊस सुरू झाल्यावर इरले विणायला कुणी बसत नाही. जंगलातल्या माणसाला जे कळते ते लोकरीच्या सुया घेऊन बसलेल्या आम्हा शिकलेल्या बायकांना कळायला वेळ लागावा, ही मौजच आहे.

आता माझा वर्षाचा हिशेब. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत एकवीस टोपडी, सोळा जोड पायमोजे आणि सात दुपटी झाली. शाळा सुटल्यानंतरचा तास आणि रविवारची दुपार एवढाच वेळ. पण वर्ष मोठे असते. पन्नास ग्रॅमच्या एका गुंडीत दोन टोपडी सहज होतात. एक सुलटा एक उलटा असे टाके घेतले की टोपडे ताणते आणि दोन-तीन महिने पुरते. बंद लावू नयेत. ते गळ्याशी गुंतण्याची भीती. बाजारात आता ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसतेच, कृत्रिम धाग्याची असते. शहरांतून थंडीत जे तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकाने मांडतात, त्यांचा मालही बहुतेक लुधियानाच्या यंत्रांवरचाच असतो. तो स्वस्त आणि रंगीत खरा. पण तो धागा आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. जिथे चूल आणि अंथरूण यांत दोन हातांचे अंतर, तिथे मऊ सुती धागा किंवा खरी लोकर बरी. खरी लोकर ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते, हा तिचा आणखी एक गुण. रंग गडद घ्यावा. भट्टीच्या धुळीत पांढरे टोपडे दोन दिवसही पांढरे राहत नाही.

कुणी म्हणेल, यंत्रावरची टोपी वीस मिनिटांत मिळत असता हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मिळत असेल तर ती घ्यावी. मुलाच्या डोक्याला हात आणि यंत्र यांतला भेद कळत नाही. तरीही एक गोष्ट मी पाहिली आहे. विकतची टोपी कुणी बाईला दिली तर ती ‘बरे’ म्हणते आणि ठेवून देते. हाताने विणलेली दिली, की ती उलटून आतली बाजू पाहते, बोटाने टाके चाचपते, आणि विचारते, “बाई, हे कसं केलंस?” मग बोलणे निघते. त्या बोलण्यात पुसून कोरडे करणे येते, आंघोळीची घाई न करणे येते, छातीशी धरणे येते. टोपडे हे निमित्त होते. सेवासदनात सुई आणि सुईण यांची जी ओळख अर्धी राहिली ती अशा गप्पांत पुरी होते असे मला वाटते. तीन मुलींनी माझ्याकडून सुया धरायला शिकून घेतले आहे. त्यांच्या कामट्या सोलणाऱ्या बोटांना ते शिकवायला मला श्रम पडले नाहीत.

पुढच्या वर्षाचा बेत असा आहे. शिमग्याला माणसे गावी येतात तेव्हा सुया हाती घ्यायच्या. पावसाळ्यात, नदीनाल्यांनी वाटा अडवल्या की बैठे काम पुष्कळ होते. श्रावण संपेपर्यंत तीस टोपडी व्हावीत. आणि वाघबारशीच्या आत ती वाटून झाली पाहिजेत. कारण एकदा बिऱ्हाडे हलली की कोण कुठल्या भट्टीवर आहे ते कळत नाही.

राहिला प्रश्न संकेताचा. जन्मायच्या आधी नवे काही द्यायचे नाही, हे ज्या मनाला पटलेले आहे त्या मनाला दुखवायचे कशाला? परंतु आपल्याच रीतीत त्याची तोड आहे. डोहाळजेवणाला आपण गरोदर बाईची ओटी भरतो. खण, नारळ, तांदूळ, फळे. जन्माच्या आधी द्यायची ही भेट शुभच मानलेली आहे. अंगणवाड्यांतही आता, २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात, गरोदर बाईच्या ओटीभरणाचा कार्यक्रम होतो. त्या ओटीत नारळाशेजारी एक टोपडे ठेवले तर कुठल्या सटवाईला राग येईल? भेट आईची म्हणून द्यायची. बाळ येईल तेव्हा ती आपोआप त्याची होईल.

बारशाला द्यायचे ते बारशाला द्यावेच. चांदीचा वाळा, खणाची कुंची, पाळण्यावरचा चिमण्यांचा झुंबर, सगळे द्यावे. पण या दिवाळीत ज्यांच्या घरी, शेजारी, कामवालीच्या घरी कुणाला सातवा-आठवा महिना असेल, त्यांनी फराळाच्या ताटाबरोबर एक टोपडे आधीच धाडावे. शहरातल्या ज्या आजींच्या सुया पेटीत गंजत पडल्या आहेत त्यांनी त्या काढाव्यात. चेन्नईच्या बायकांनी देशभरातून क्रोशाचे चौकोन गोळा करून जानेवारी २०१६ मध्ये अकरा हजार चौरस मीटरांहून मोठी चादर जोडली आणि जागतिक विक्रम केला. आपल्याला विक्रम नको. एका मुलाचे डोके झाकेल एवढेच विणायचे आहे. दोन संध्याकाळचे काम. एवढेच, की ते थंडीच्या आधी पोचले पाहिजे.